रविवारची तयारी, बुधवारपर्यंतचा डबा
धान्य आणि कोंबडीची पोटभर कोशिंबीर



दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं आपल्याला तोंडपाठ आहेत. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. सहावं सूत्र आरोग्याच्या काळजीचं. बैठकीत ते वाचलं जातं आणि आपण पुढच्या विषयाकडे वळतो. या महिन्याचा पाठ त्याच सहाव्या सूत्राचा आहे, आणि तो सुरू होतो तुमच्या दुपारच्या डब्यापासून.

आधी एक प्रश्न. कामाच्या दिवशी दुपारी तुम्ही स्वतः काय जेवता? घरच्यांना काय दिलं ते नाही, तुम्ही काय खाल्लं ते आठवा. काजूच्या कारखान्यात जाणारी, अंगणवाडीत असणारी, रोजगार हमीवर जाणारी, बागेत शिंपणं करणारी, आपण सगळ्या सकाळी चार जणांचे डबे भरतो. पाचवा भरताना भांड्यात भात उरतो आणि आमटीचं पाणी. "माझा काय, मी मगे खातंय" म्हणून निघतो, आणि ते 'मगे' म्हणजे चहा आणि दोन बिस्किटं.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे २० जणींच्या दोन समूहांची बैठक भरली, तर त्यातल्या निम्म्याहून जास्त जणी. चढ चढताना लागणारा दम, संध्याकाळी गळून जाणं, डोकं दुखणं, हे 'वयाचं' म्हणून आपण सोडून देतो. बऱ्याचदा ते वयाचं नसतं, ताटातलं असतं.

सॅलड म्हणजे काय?

नाव ऐकून बिचकू नका. सॅलड म्हणजे आपली कोशिंबीरच. फरक इतकाच की आपली कोशिंबीर ताटाच्या कडेला चमचाभर असते, आणि ही कोशिंबीरच अख्खं जेवण असते. तिच्यात चार गोष्टी असतात: एक मोकळं शिजवलेलं धान्य, एक ताकदीचा पदार्थ (कोंबडी किंवा कडधान्य), भरपूर भाजी, आणि वरून आंबट रस. डब्याचा निम्मा भाग भाजी, पाव भाग धान्य, पाव भाग कोंबडी आणि कडधान्य, एवढं माप डोळ्यांसमोर ठेवलं की पुरे.

हिचा मोठा फायदा असा की चारही गोष्टी आधी तयार करून ठेवता येतात. सकाळी फक्त एकत्र करायच्या, दहा मिनिटांचं काम. सकाळी वेळ नसतो म्हणूनच आपला डबा राहतो ना? मग सकाळचं काम आदल्या दिवसावर ढकलायचं.

साठवण आपल्याला नवीन नाही. धामापूरचा तलाव १५३० सालचा. पावसाचं पाणी अडवून ते उन्हाळ्यात बागांना द्यायचं, हे इथल्या माणसांनी जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वी केलं, आणि २०२० साली या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. पण पाणी टिकतं ते बांध धड असतो म्हणून. अन्नाचंही तसंच. नुसतं शिजवून भरून ठेवलं तर ते बिघडतं. अन्नाचा बांध म्हणजे थंडावा आणि स्वच्छता. म्हणून कृतीइतकीच जागा आपण त्या दोन गोष्टींना देणार आहोत.

कोंबडी आणि कडधान्य एकत्र का?

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या बाईला रोज साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं आणि २९ मिलीग्रॅम लोह लागतं. कुळीथ, चवळी, नाचणी, लाल माठ यांत लोह असतं, पण शरीर त्यातलं थोडंच शोषून घेतं. त्याच घासात थोडं मांस आणि थोडं लिंबू असलं, तर धान्य-कडधान्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. कोंबडी खूप लागत नाही. नुसता कोंबडीचा रस्सा-भात खाण्यापेक्षा थोडी कोंबडी, मोड आलेले कुळीथ आणि वरून लिंबू हे जास्त कामाचं.

मोड आणण्याचाही उपयोग आहे. कडधान्यात लोहाला धरून ठेवणारा एक घटक असतो, मोड आल्यावर तो कमी होतो. आणि चहा? जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या घेतलेला चहा लोह अडवतो. जेवण आणि चहा यांत एक तास तरी जाऊ द्या.

आणखी एक गोष्ट. कोंबडीत सगळ्यात जास्त लोह काळजात असतं. घरात कोंबडी होते तेव्हा काळीज कोणाच्या ताटात जातं, याचा विचार करा. (गरोदर ताईंनी मात्र काळीज किती खावं हे डॉक्टरांना विचारून ठरवावं.)

कोणतं धान्य घ्यायचं?

वरी: पटकन शिजते, मोकळी होते. एक वाटी वरी धुवून निथळा, चमचाभर तेलात तीन-चार मिनिटं परता, दोन वाट्या गरम पाणी आणि मीठ घाला, झाकण ठेवून मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं शिजवा. पाच मिनिटं तशीच ठेवून मग काट्याने मोकळी करा. उपवासाच्या वरीत कोंबडी हे मनाला पटत नसेल तर जबरदस्ती नाही, पुढचं धान्य घ्या.

लाल उकडा तांदूळ: उकडा असल्यामुळे त्याचा दाणा कडक राहतो आणि गार झाल्यावरही गोळा होत नाही. अर्धा तास भिजवून भरपूर पाण्यात शिजवा. दाणा शिजला पण फुटला नाही अशा वेळी निथळून घ्या. निथळलेलं पाणी टाकू नका, मीठ घालून गरम गरम प्या.

ज्वारी: रात्रभर भिजवून कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजवा. चावायला लागते, पण पोटाला आधार चांगला राहतो.

नाचणी: अख्खा दाणा एकटा घेतला तर बारीक आणि कडक लागतो. मोड आणून, वाफवून दोन-तीन चमचे वर घाला. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधाच्या जवळजवळ तिप्पट. हाडांसाठी ती डब्यात असावीच.

दोन माणसांसाठी रविवारचं सामान

पुष्कळ घरांत सोमवार पाळतात. म्हणून सोमवारचा डबा कडधान्याचा आणि मंगळवार-बुधवारचा कोंबडीचा, असा हिशोब धरला आहे. म्हणजे दोन माणसांचे एकूण सहा डबे.

वरी किंवा उकडा तांदूळ: ३५० ग्रॅम
कुळीथ किंवा मूग (मोड आणण्याआधी): २०० ग्रॅम
कोंबडी: बिनहाडाची ५०० ग्रॅम, किंवा हाडासकट ७५० ग्रॅम
सोलं (आमसुलं): १० ते १२
लिंबं: ३
आलं, लसूण, हळद, मिरी, जिरं, हिरवी मिरची, मीठ, थोडा गूळ, दोन चमचे तेल
भाजलेले शेंगदाणे किंवा घरचे काजूगर: मूठभर
मोसमाची भाजी: परसबागेत असेल ती

कोंबडीच्या एका डब्यात या मापाने ३० ग्रॅमच्या वर प्रथिनं मिळतात. दिवसाच्या गरजेच्या निम्म्याहून जास्त.

कामाचा क्रम

कुळथाला मोड यायला वेळ लागतो. शुक्रवारी रात्री भिजत घाला, शनिवारी सकाळी फडक्यात बांधा. मूग असेल तर शनिवारी सकाळी भिजवून रात्री बांधले तरी चालतात. रविवारी संध्याकाळी दीड-दोन तासांत बाकी सगळं होतं.

१. आधी भाजी आणि कडधान्य, मग कोंबडी. विळी किंवा सुरी एकच असेल तर हा क्रम पाळाच. कच्च्या कोंबडीला लागलेली विळी साबणाने धुतल्याशिवाय काकडीला लावायची नाही.

२. कोंबडी नळाच्या धारेखाली धुऊ नका. शिंतोडे उडतात आणि त्याबरोबर जंतू भांड्यांवर जातात. पिसं-रक्त काढायचंच असेल तर पातेल्यातल्या पाण्यात हलकेच धुवा, ते पाणी सांभाळून ओता आणि मोरी साबणाने धुवा.

३. कोंबडीला आलं-लसूण, हळद, मिरी, मीठ लावून अर्धा तास ठेवा. मग वाटीभर पाण्यात झाकून शिजवा. ब्रॉयलरचे लहान तुकडे २० मिनिटांत होतात. गावठी कोंबडी चिवट, तिला कुकरच्या पाच-सहा शिट्ट्या द्या. सगळ्यात जाड तुकडा फोडून बघा. आत गुलाबी दिसता कामा नये, आणि सुटणारा रस स्वच्छ असावा. उरलेला रस्सा त्याच रात्री पिऊन संपवा.

४. मोड १० ते १५ मिनिटं वाफवा. डब्यासाठी कच्चे मोड नकोत, ओलाव्यात त्यांच्यात जंतू लवकर वाढतात.

५. धान्य शिजवा.

६. आता सगळ्यात महत्त्वाचं काम: गार करणं. पातेल्यात झाकून ठेवलेला भात मध्यभागी कित्येक तास कोमट राहतो. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात. भातात एक जंतू असा असतो की त्याचं बी शिजवूनही मरत नाही. अन्न कोमट राहिलं की ते रुजतं आणि विष सोडतं, आणि ते विष पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून धान्य, मोड आणि कोंबडी वेगवेगळ्या परातींत पातळ पसरा, वर जाळी ठेवा, पंखा लावा. वाफ गेली की लगेच डब्यांत भरून फ्रीजमध्ये. शिजल्यापासून एका तासात हे काम उरका. आपल्याकडच्या उकाड्यात त्याहून जास्त वेळ देऊ नका.

७. कोंबडीचे हाताने धागे काढा (हात धुऊन), दोन भाग करा. मंगळवारचा भाग फ्रीजमध्ये, बुधवारचा फ्रीजरमध्ये. फ्रीजरमधला भाग मंगळवारी रात्री खालच्या कप्प्यात उतरवून ठेवा, ओट्यावर नको.

८. आंबट रस: सोलं पाऊण वाटी कोमट पाण्यात भिजवून कुस्करा. त्यात वाटलेली मिरची-लसूण, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, किंचित गूळ आणि तेल घालून बाटलीत भरा. बाटली फ्रीजमध्ये ठेवा. यात खोबरं घालू नका. ओलं खोबरं सगळ्यात आधी आंबतं, ते ज्या दिवशी हवं त्या दिवशी सकाळी खवून घाला.

फ्रीजमध्ये शिजवलेलं वर, कच्चं खाली. कच्च्या कोंबडीचं पाणी शिजलेल्यावर गळायला नको.

रोज सकाळी

काकडी, कांदा, टोमॅटो सकाळीच चिरा. आदल्या रात्री चिरून मीठ लावलं तर पाणी सुटतं आणि डबा गिच्च होतो. तळाला रस, त्यावर धान्य आणि मोड, मग कोंबडी, सगळ्यात वर भाजी आणि शेंगदाणे. लिंबाची फोड वेगळी ठेवा, जेवताना पिळा. जेवायच्या वेळी डबा हलवला की झालं.

सोमवार: धान्य, दुप्पट मोड, शेंगदाणे, काकडी, खवलेलं खोबरं.
मंगळवार: धान्य, मोड, कोंबडी, मोसमाची भाजी, सोलांचा रस.
बुधवार: तेच, भाजी बदलून. वर मोड आलेली नाचणी.

रविवारचं अन्न बुधवारी दुपारी संपलंच पाहिजे. गुरुवार-शुक्रवारसाठी बुधवारी संध्याकाळी थोडं नव्याने करा. आठवड्याचं एकदम करून ठेवण्याचा मोह नको.

डबा दुपारपर्यंत कसा टिकवायचा?

इथे खरी अडचण आहे. आठला भरलेला डबा एकला उघडतो. मधले पाच तास कोंबडी उकाड्यात राहिली तर रविवारची सगळी काळजी वाया. दोनच वाटा आहेत, थंड ठेवा किंवा कडकडीत गरम ठेवा. मधलं कोमट नको.

थंड ठेवायचा तर रात्री अर्ध्या लिटरची बाटली पाऊण भरून फ्रीजरमध्ये टाका. सकाळी फ्रीजमधून काढलेला डबा आणि ही गोठलेली बाटली एकमेकींना चिकटवून जुन्या टॉवेलात घट्ट गुंडाळा, जाड कापडी पिशवीत ठेवा, पिशवी सावलीत ठेवा. दुपारी प्यायला गार पाणीही मिळतं. समूहातल्या शिवणकाम करणाऱ्या ताईंनी जुन्या गोधडीच्या तुकड्यांच्या अशा पिशव्या शिवून बघाव्यात.

गरम ठेवायचा तर धान्य, मोड आणि कोंबडी वाफ येईपर्यंत गरम करून गरम राहणाऱ्या डब्यात भरा आणि काकडी-कांदा वेगळ्या डबीत न्या.

हे दोन्ही शक्य नसेल तर त्या दिवशी आधी शिजवलेली कोंबडी नेऊ नका. सकाळी केलेली भाकरी, सुकी उसळ, शेंगदाण्याची चटणी आणि न चिरलेली काकडी न्या. तोही चांगलाच डबा आहे.

वीज गेली तर? फ्रीज न उघडता ठेवला तर आतला थंडावा साधारण चार तास टिकतो. पावसाळ्यात त्याहून जास्त वेळ वीज गेली, तर आतली शिजवलेली कोंबडी खाऊ नका. 'वास येत नाही ना' ही परीक्षा पुरत नाही, बिघडलेल्या सगळ्याच अन्नाला वास येत नाही. म्हणून मृगापासून पुढचे तीन महिने एकाच दिवसापुरतं करणं शहाणपणाचं. त्यात श्रावणात कोंबडी नसतेच, तेव्हा कुळीथ, चवळी, मूग आलटून पालटून चालू ठेवा.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी आधी करायची कामं कोरडी ठेवावीत: वरी निवडून भाजून बरणीत, शेंगदाणे भाजून, जिऱ्याची पूड करून, मोड बांधून. शिजवणं त्याच सकाळी. एवढं केलं तरी सकाळचा बराचसा वेळ वाचतो.

मोसमाप्रमाणे

पावसात तवसं, शेवग्याचा पाला, वाफवलेला पडवळ. थंडीत मुळा, लाल माठ, नवलकोल, आवळ्याचा कीस. उन्हाळ्यात कैरीचा कीस, तेव्हा सोलांचा रस अर्धाच घाला. पाला आणि माठ धुऊन किंचित परतून घ्या. 'माझी पोषण परसबाग' मोहिमेत वाफे केलेल्या ताईंना यातलं बरंच विकत घ्यावं लागणार नाही. आणि परसातल्या कोंबड्या आहेत त्यांनी सगळी अंडी-कोंबड्या बाजारात पाठवण्याआधी घरच्या डब्याचा वाटा बाजूला काढावा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. रक्त कमी असेल तर नुसत्या डब्याने ते लवकर भरत नाही. आरोग्य उपकेंद्रात तपासणी करून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमी समजतात. गोळ्या दिल्या तर त्या चालू ठेवा. डबा गोळ्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

डब्यावर नाव

शेवटी एक सवय. रविवारी डबे भरताना पहिला डबा स्वतःचा भरा आणि झाकणावर चिकटपट्टी लावून स्वतःचं नाव लिहा. हसू येईल, पण याला कारण आहे. सकाळच्या घाईत उरलेल्यातून आपल्याला वाटा मिळत नाही, आधीच बाजूला काढलेला मात्र मिळतो. बचतीचंही आपण तसंच करतो. खर्च करून उरले तर टाकू, असं म्हणत बसलो असतो तर आज समूहाच्या वहीत एक रुपया दिसला नसता.

पुढच्या बैठकीसाठी

१. गेल्या आठवड्यात कामाच्या दिवशी स्वतः दुपारी काय खाल्लं, प्रत्येकीने आठवून सांगा.
२. दोन-तीन जणींनी हा डबा करून बैठकीत आणा. चव बघा, काय बदलायचं ते ठरवा.
३. कोंबडी, वरी, कुळीथ यांचे आजचे भाव लिहून एका डब्याचा खर्च काढा. चहा, बिस्किटं आणि वडापाव यांवर आठवड्याला जाणारे पैसे शेजारी मांडा.
४. समूहातल्या किती जणींनी गेल्या सहा महिन्यांत रक्त तपासलं, ते वहीत नोंदवा. राहिलेल्यांनी उपकेंद्रात एकत्र जायचा दिवस ठरवा.
५. डबे विकायचा विचार कोणाच्या मनात असेल तर आधी दोन महिने घरच्यांसाठी करा, हात बसू द्या, आणि विक्रीआधी अन्न परवान्याची नोंदणी करून घ्या.